जे हलतं ते बिघडतं

भाऊकाका वस्तू विकत घेत नाही, नेमतो. आधी मुलाखत, मग कागदपत्रांची छाननी, मग चारित्र्याची चौकशी आणि शेवटी प्रोबेशन. मिक्सर असो की मनगटी घड्याळ, ही मुदत संपेपर्यंत ती वस्तू घरात कायम झाली असं कुणी समजायचं नाही. तिच्यावरचं प्लॅस्टिक निघत नाही. खोका माळ्यावर जातो, आणि थर्माकोलचा कुठला तुकडा कुठे बसतो हे खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असतं. डोंबिवलीच्या त्याच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असे आणि पिशवीला रबरबँड. त्या पिशवीवरून आवाजाचं बटण कुठलं आणि चॅनेलचं कुठलं हे न बघता ओळखणं, ही काकूने संसारात मिळवलेली सिद्धी.

असा एक भाऊकाका प्रत्येक सोसायटीत असतो. तो दुकानात शिरल्यावर भाव विचारत नाही. रंग बायकोवर सोडतो. त्याचा प्रश्न एकच: "टिकेल ना?" दुकानदार म्हणतो, "टिकणार म्हणजे काय साहेब, बिनधास्त न्या." झालं, संशय दुणावला. विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार? म्हणून खरी चौकशी दुरुस्तीवाल्याकडे करायची. पंखा घ्यायचाय? वाइंडिंगवाल्याला विचार, तुझ्याकडे कुठल्या कंपनीचे कमी येतात. काकाच्या बऱ्याच शास्त्रांवर आम्ही घरी हसतो, पण हे शास्त्र मला आजही शंभर टक्के पटतं.

याला कंजूषपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ते चूक आहेत. कंजूष माणूस स्वस्तातलं घेतो. काका महागातलं घेतो आणि मग ते वापरत नाही. त्याच्या तरुणपणी बजाज स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघावी लागे. तेवढ्या काळात लग्न होऊन पोर शाळेत जायचं. अशी मिळालेली स्कूटर माणूस पुसणार नाही तर काय करणार? एक गेली की दुसरी मिळेल हा विश्वासच त्या पिढीला कुणी दिला नाही. अशा माणसाच्या हातात पन्नाशीच्या आसपास डिजिटल कॅमेरा आला, म्हणजे दर वर्षी नवा नंबर लावून जुन्याला म्हातारा ठरवणारा धंदा. जे व्हायचं तेच झालं.

निमित्त आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. २००६ साल. घरात एक यशिका होता, पण आदल्या वर्षी तो आत्याने नेला होता आणि आत्या कुर्ल्याला तळमजल्यावर राहायची. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आत्याचा फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आपणहून आला. फोन लागल्यावर काकाने आधी कॅमेऱ्याचं विचारलं, मग आत्याचं. यशिका उन्हात ठेवला, डब्यात ठेवला, पण शटर एकदा उघडलं ते मिटेना. त्याच्याआधी आजोबांचा आग्फा क्लिक थ्री होता. त्यात एका रोलचे बारा चौकोनी फोटो यायचे आणि बिघडायला जवळपास काहीच नव्हतं. तो अजूनही कपाटात आहे आणि, काकाच्या मते, अजूनही चालतो. त्याला लागणारा रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत मिळत नाही, यात कॅमेऱ्याचा काय दोष?

गुढीपाडव्याला चौकशी सुरू झाली. बँकेतले सहकारी, त्यांची अमेरिकेतली मुलं, लग्नांचे फोटो काढणारा स्टुडिओवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: मेगापिक्सेल. पाच कशाला, सहा घ्या. आता तर सातही आलेत. काकाने चलनाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. फोटो चार बाय सहाचा. छपाईला इंचाला तीनशे ठिपके पुष्कळ. म्हणजे बाराशे गुणिले अठराशे, एकवीस लाख साठ हजार. दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. "आजवर आपल्या घरात कुणाचा फोटो चार बाय सहाच्या पुढे गेलाय? भिंतीवर हार घालायचा सोडला तर? मग उरलेले मेगापिक्सेल काय लोणच्यात घालू?"

हिशेब बिनचूक होता. त्या काळात मेगापिक्सेलच्या नावाखाली जे विकलं गेलं, त्यातलं निम्मं कुणाच्याच कामाचं नव्हतं. पण काकाचा मुद्दा तो नव्हताच. तो मला घेऊन फोर्टात एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेला. जिन्याखालची जागा, डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा मिस्त्री, समोर निळ्या रेक्झिनवर स्क्रूंचे ढीग. काकाने नेहमीचा प्रश्न विचारला. मिस्त्रीने काही न बोलता खालचा खण ओढला. आत मेलेले डिजिटल कॅमेरे पडले होते. बहुतेकांच्या लेन्स अर्धवट बाहेर, काहींच्या वाकड्या.

मग त्याने एक उघडून दाखवला. एकात एक बसणाऱ्या तीन नळ्या. बटण दाबलं की त्या फिरत फिरत बाहेर यायच्या, पुन्हा दाबलं की आत. त्यांना फिरवणारी प्लॅस्टिकची दातेरी चाकं तिळाएवढी. वाळूचा एक कण नळीच्या फटीत गेला की दाता अडकतो. बॅगेत चुकून बटण दाबलं गेलं की लेन्स बाहेर यायला बघते, बॅग येऊ देत नाही, आणि त्या ओढाताणीत चाक जातं. लेन्स बाहेर असताना पडला तर विचारायलाच नको. "नवीन लेन्सचा पूर्ण संच घालावा लागतो," मिस्त्री म्हणाला, "त्यापेक्षा लोक नवा कॅमेरा घेतात." शिवाय सेलच्या झाकणाची खिट्टी. तीही प्लॅस्टिकची, तीही मोडते, मग झाकणाला रबरबँड. रबरबँड हा शब्द ऐकून काकाला जरा घरच्यासारखं वाटलं.

जिन्यातून वर येताना त्याने सूत्र सांगितलं: "जे हलतं ते बिघडतं." त्यानंतरचे कित्येक महिने तो न हलणारा कॅमेरा शोधत होता.

आणि मग ती बातमी त्याच्या हाती लागली. २००५ च्या ऑक्टोबरात सोनीने आणि सोनीकडून सेन्सर घेणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी जाहीर केलं होतं, की मागच्या काही वर्षांतल्या काही मॉडेलांमधला सीसीडी, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली ती नखाएवढी चिप, बिघडू शकते. फुकट बदलून देऊ. उष्ण आणि दमट हवेत चिपमधल्या बारीक तारांचे जोड सुटतात, मग फोटो वेडावाकडा येतो नाहीतर येतच नाही. कंपन्यांनी हे स्वतः होऊन कबूल केलं याचं माझ्या बाबांना कौतुक वाटलं. काकाने 'उष्ण आणि दमट' याखाली लाल रेघ ओढली.

"म्हणजे डोंबिवली," तो म्हणाला.

बोरा बाजारात ज्यांनी कधी कॅमेरा घेतला असेल त्यांना सांगायला नको, तिथे प्रत्येक वस्तूला दोन भाव. बिलाचा आणि बिनबिलाचा. बिनबिलाचा भाव सांगताना विक्रेता जरा पुढे झुकतो. काकाच्या बाबतीत तो झुकला आणि तसाच राहिला, कारण काकाने विचारलं, "बिलावर कॅमेऱ्याचा नंबर लिहाल ना? आणि शिक्का वॉरंटी कार्डावर वेगळा, बिलावर वेगळा." बिनबिलाचा विषय तिथेच मिटला.

पोरगा हुशार होता. गिऱ्हाईक ओळखून त्याने सरळ ऑलिंपसचा म्यू ७२० एसडब्ल्यू काढला. तो त्याच वर्षी आला होता. तीन मीटर पाण्यात चालतो. दीड मीटरवरून पडला तरी काही होत नाही. आणि मुख्य म्हणजे लेन्स बाहेर येतच नाही. उजेड आतल्या आत काटकोनात वळवून झूमची सगळी हालचाल पोटातच. काकाच्या चेहऱ्यावर मी त्याच्या लग्नाच्या अल्बममध्येही न पाहिलेला भाव आला. त्याने कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरून हलवला, नखाने ठोकला.

"तीन मीटर पाणी," तो स्वतःशीच म्हणाला. "कुर्ल्याला पुरतं." मग थांबला. "दीड मीटर म्हणजे किती फूट?"

"पाच फूट धरा साहेब."

"धरा कशाला? चार फूट अकरा इंच होतात." काका ताठ उभा राहिला आणि कॅमेरा डोळ्याशी नेला. "फोटो काढताना माझा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर. एक इंच राहिला."

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "जरा वाकून काढा."

एका इंचावर काका कदाचित तडजोड करता. पण पोराने कार्ड दाखवलं. एक्सडी कार्ड. ते कोण कोण वापरतं? ऑलिंपस आणि फुजी. "दोघंच? आणि दोघांचं बिनसलं तर?" पोरगा हसला. हसू नये होतं. पुढे काही वर्षांत दोन्ही कंपन्यांनी ते कार्ड सोडून एसडी धरलं, आणि काकाने ती बातमी मला फोन करून वाचून दाखवली.

बॅटरीचंही तेच. पातळ, देखणे, धातूच्या अंगाचे कॅमेरे स्वतःची खास बॅटरी घेऊन यायचे. ती बॅटरी दहा वर्षांनी कोण बनवणार? काकाचं म्हणणं, पेन्सिल सेल गंगापूरपासून गंगोत्रीपर्यंत पानाच्या टपरीवर मिळतात. ज्याचं अन्न सगळीकडे मिळतं तोच टिकतो. तेव्हा जे हलतं ते बिघडतं म्हणणाऱ्या माणसाने अखेर लेन्स हलणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, पाच मेगापिक्सेलचा, विटेच्या जातीचा एक जाडजूड कॅमेरा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. काकाची ती अट आहे, उगाच भाव वाढतात. दसरा होता, आणि त्या वर्षी दसरा गांधीजयंतीलाच आला होता. काकाने कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, पण लांबून. कुंकवाची पूड फटीत जाते.

मग नियम झाले. पावसाळ्यात काढायचा नाही, दमटपणा. होळीला नाही, रंग. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी नाही, धूर. समुद्रावर तर नावच घ्यायचं नाही. अलिबागला गेलो तेव्हा कॅमेरा बरोबर होता, पण तो खोलीवर कुलपात आणि आम्ही किनाऱ्यावर. पाऊचमध्ये गोळ्यांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला तव्यावर कोरड्या करायच्या. झूम वापरायला बंदी. "जवळचं हवंय? दोन पावलं पुढे जा. पायाला दाते नाहीत." अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा नाही आणि टेबलावर ठेवून टायमर लावायचा नाही, त्यामुळे त्या काळातल्या एकाही फोटोत काका नाही. तरी त्याची खूण बऱ्याच फोटोंत आहे. मनगटाचा पट्टा त्याने दुहेरी करून त्याला घरची नाडी जोडली होती. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात काळं काहीतरी लोंबतंय, तो काका.

सहस्रचंद्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. काकाचा पेच असा, की कॅमेरा दर वेळी चालू-बंद केला तर लेन्स आतबाहेर करणार, म्हणजे झीज. म्हणून त्याने आपोआप बंद व्हायची सोय काढून टाकली आणि सकाळी एकदाच चालू केला. झिर्रर्र आवाज करत लेन्स बाहेर आली, आणि काका ओंजळीत ती धरून हॉलभर फिरू लागला. पाहुण्यांशी हात जोडून बोलता येईना, कोपर जोडून बोलला. पंगतीला बसला नाही. सोबत आलेलं कार्ड १६ एमबीचं, त्यात चांगल्या प्रतीचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मावणार, म्हणून ते ओवाळणीसाठी राखून ठेवलेले. एक्याऐंशी दिव्यांची ताटं तयार झाली, आजी पाटावर बसली, सुनांनी ताटं उचलली, काकाने बटण दाबलं, आणि सेल संपले. पडदा काळा, लेन्स बाहेर.

काकाचं तोंड बघवेना. त्याला ओवाळणीचं काहीच नव्हतं. "लेन्स उघडी राहिली," एवढंच तो म्हणत होता. कुणीतरी शेजारच्या टपरीवरून सेल आणले. साधे, जस्ताचे, कॅमेऱ्याला न पुरणारे. लेन्स अर्धी आत गेली आणि थांबली. तेव्हा काकू हातातलं ताट जावेकडे देऊन शालू सावरत तीन मजले चढून गेली आणि परत आली ती रिमोट घेऊन. सगळ्यांदेखत तिने रबरबँड तोडला, पिशवी फाडली, सेल काढले. "अहो, घ्या." त्या दोन सेलवर लेन्स कशीबशी आत गेली. काका खुर्चीवर बसला.

दिवे तोवर अर्धे विझले होते. ओवाळणीचा फोटो नाही म्हणून माझे बाबा चिडले, आत्या आणखी चिडली. आजी पाटावरून म्हणाली, "अरे, सेल आणा आणि परत ओवाळा. मला कुठे जायचंय?" बाजारातून अल्कलाइन सेल आले, वाती पुन्हा लावल्या गेल्या. आमच्या घरात बहुधा आजी एकटीच अशी, जिला सहस्रचंद्रदर्शनाला दोनदा ओवाळलं गेलं. रिमोटला मात्र नवी पिशवी मिळाली नाही. काकूने मिळू दिली नाही.

पुढच्याच वर्षी त्या मॉडेलच्या जागी नवं मॉडेल आलं. काकाचा कॅमेरा तेव्हा प्रोबेशनवरही पक्का झाला नव्हता आणि कंपनीने त्याला निवृत्त केलं, हा अपमान काकाने वैयक्तिक घेतला.

फोटोंचीही व्यवस्था चोख होती. कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता, कारण त्याची डिस्क फिरते. म्हणून प्रत्येक प्रसंगाची सीडी. सीडीवर नाव लिहायला स्टुडिओवाल्याने मार्कर दिला होता, पण मार्करची शाई उडते असं काकाला वाटलं. त्याने बॉलपेन घेतलं आणि दाबून, ठसठशीत अक्षरांत, तारखेसकट लिहिलं. 'सौ. आईचे सहस्रचंद्रदर्शन'. सीडीचा चकाकणारा थर त्याच बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो. बॉलपेनच्या टोकाने तो अक्षरांबरहुकूम कोरला गेला. काही वर्षांनी सीड्या घालून पाहिल्या तेव्हा ड्राइव्ह घरघरायचा आणि सीडी बाहेर ढकलायचा. आजीच्या दोन्ही ओवाळण्या गेल्या. छापून घेतलेला एक चार बाय सहा तेवढा उरला, डावीकडे खाली नाडीसकट.

काकाने सीडी उजेडात धरून पाहिली. "अक्षर बघ," तो म्हणाला, "कालच लिहिल्यासारखं आहे."

मग मोबाइल आले, त्यांतच कॅमेरे आले, आणि बोरा बाजारातली ती खोकी काचेआडून दिसेनाशी झाली. काकाचा कॅमेरा पाऊचमध्ये, पाऊच डब्यात, डबा कपाटात. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र तरुण पोरांना जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांचं वेड लागलं. मोबाइलचे फोटो म्हणे फारच स्वच्छ येतात. जुन्या छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहरे कसे पांढरे फेक, मागचं काळं, तेच हवंय. काकाची सई, जी आजीच्या कार्यक्रमात हॉलभर रांगत होती, आता कॉलेजात आहे. तिने कपाट उघडलं. एक ओरखडा नाही. पडद्यावरचं मूळ प्लॅस्टिक जागच्या जागी. पेन्सिल सेल घातले, झिर्रर्र, चालू. तिच्या मैत्रिणींनी असले कॅमेरे चोरबाजारातून घासून गुळगुळीत झालेले आणले होते. हिचा बघून त्यांचे डोळे फिरले.

काका आठवडाभर छाती काढून हिंडत होता. सोसायटीच्या बाकावर त्याने तीनतीनदा सांगितलं, की म्यू ७२० घेतला असता तर आज कार्ड कुठून आणलं असतं? आणि ती खास बॅटरी? यावर बाकावरच्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण कुणाला प्रश्नच कळला नव्हता.

मग सईने सांगितलं की शनिवारी सगळे काशीदला चाललेत. काशीद, म्हणजे समुद्र. म्हणजे वाळू. काकाने तिला जेवू दिलं, मग समोर बसवून सगळं समजावलं, तीन नळ्या, तिळाएवढी चाकं, मिस्त्रीचा खण. सईने ऐकून घेतलं, "हो बाबा" म्हटलं, आणि कॅमेरा पाऊचशिवायच बॅगेत टाकला.

शनिवारी दुपारी घरच्या ग्रुपवर तिचे फोटो आले. सगळ्या पोरी वाळूत लोळलेल्या, चेहरे पांढरे फेक. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले, काकूने बदाम पाठवला. काकाचं 'टाइप करत आहे' बराच वेळ चालू होतं. शेवटी उमटलं:

"छान. लेन्स आत गेली का?"